पीडीएफ रीडर सारखा बंद पडतोय? काढून पुन्हा टाकण्याआधी हे करून बघा

‘ॲक्रोबॅट रीडर हॅज स्टॉप्ड वर्किंग’ अशी चौकट एखाद्या दिवशी आली तर कुणी मनावर घेत नाही. रोज सकाळी पहिलीच फाइल उघडताना ती येऊ लागली की ऑफिसातला कुणीतरी जाणकार ठरलेला सल्ला देतो: अनइन्स्टॉल कर, नवा टाक. टाकला जातो. दोन दिवस बरे जातात आणि तीच चौकट पुन्हा हजर होते. विंडोजवरून ॲक्रोबॅट रीडर काढला तरी तुमच्या यूजर खात्यातली त्याची सेटिंग्ज सहसा जिथल्या तिथेच राहतात. प्रिंटरचा ड्रायव्हर (विंडोजला त्या यंत्राशी बोलता यावं म्हणून असलेला छोटा प्रोग्रॅम), अँटिव्हायरस, ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांना तर हातही लागत नाही. बिघाड यांपैकी कशात असेल, तर नवा रीडरही तसाच बंद पडणार.

म्हणून आधी दोष कुणाचा ते शोधायचं: फाइलचा, रीडरचा, की मशीनचा. औषध त्यानंतर. इथे सांगितलेलं सगळं विंडोज १० आणि ११ वरच्या ॲक्रोबॅट रीडरला धरून आहे, कारण सरकारी अर्ज, डिजिटल सही, बँकेची स्टेटमेंटं या कामांसाठी बहुतेकांच्या मशीनवर तोच असतो. दुसरा रीडर वापरत असाल तर मेनूंची नावं बदलतील, शोधायची रीत तीच राहील.

एक पथ्य मात्र शेवटपर्यंत पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, रीडर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि तपासा. एका दमात पाच बदल केले आणि रीडर चालू लागला, तर नक्की कशाने चालला ते कळत नाही. मग महिन्याभराने दुखणं उलटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी संदेश नीट वाचा

चौकट दिसली की हात आपोआप ‘ओके’कडे जातो. थांबा, मोबाइलवर तिचा फोटो काढा. संदेशाच्या शब्दांवरून अर्धं निदान होतं.

पहिली खातरजमा ही, की संदेश खरोखर रीडरचाच आहे ना. ब्राउझरच्या आत, मोठ्या लाल अक्षरांत ‘तुमचा पीडीएफ व्ह्यूअर खराब झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असं दिसत असेल, तर ती फसवणूक आहे. रीडर किंवा विंडोज यांचा खरा एरर संदेश फोन नंबर देत नाही. ते पान बंद करा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा.

खरे संदेश ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. ‘स्टॉप्ड वर्किंग’ किंवा काहीच न सांगता खिडकी गायब होणं, हा खरा क्रॅश. ‘नॉट रिस्पाँडिंग’ म्हणजे रीडर जिवंत आहे पण कशात तरी अडकलाय. त्याची कारणं वेगळी असतात, ती पुढे येतील. तिसऱ्या प्रकारात रीडर शुद्धीवर असतो आणि फाइलबद्दल तक्रार करत असतो: ‘फाइल डॅमेज्ड आहे’, ‘देअर वॉज ॲन एरर प्रोसेसिंग अ पेज’, ‘इनसफिशियंट डेटा फॉर ॲन इमेज’, ‘कॅनॉट एक्स्ट्रॅक्ट द एम्बेडेड फॉन्ट’. या तिसऱ्या प्रकारात रीडर काढून पुन्हा टाकणं बहुतेक वेळा फुकटची मेहनत ठरते. रोख फाइलकडे आहे, तेव्हा तपासही तिचाच करायचा.

‘प्लीज वेट…’ एवढंच लिहिलेलं एक पान येतं आणि कितीही थांबलं तरी पुढे काही उघडत नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार. तो क्रॅश नव्हे. तो अर्ज एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीने बनवलेला असतो आणि बऱ्याच व्ह्यूअरना ती पद्धत कळत नाही. कंपनी खात्याचे जुने ई-फॉर्म असेच होते आणि कॅनडाच्या इमिग्रेशनचे काही अर्जही असेच असतात, त्यामुळे तिकडे जाणारी मुलं हमखास इथे अडतात. उपाय सोपा आहे. ब्राउझरमध्ये न उघडता फाइल डिस्कवर सेव्ह करा आणि तिच्यावर राइट क्लिक करून, ‘ओपन विथ’मधून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा.

दोष फाइलचा की रीडरचा?

याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. रीडरमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणाहून आलेल्या दोन-तीन पीडीएफ उघडा. त्या नीट उघडल्या आणि एकच फाइल रीडरला पाडत असेल, तर संशय फाइलवर. सगळ्याच फाइलींना पडत असेल, तर हा भाग सोडून पुढच्या भागाकडे वळा.

संशयित फाइल आता दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडा. इथे एक बारकावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये उघडून पाहणं हे दरवेळी स्वतंत्र मत नसतं, कारण २०२३पासून एजमध्ये ॲक्रोबॅट बनवणाऱ्या ॲडोबीचंच पीडीएफ इंजिन, म्हणजे फाइल वाचून पान दाखवणारा गाभा, बसवायला सुरुवात झाली. क्रोममध्ये पीडीएफियम आहे आणि फायरफॉक्समध्ये पीडीएफ.जेएस; या दोघांचं घराणं निराळं. सुमात्रापीडीएफ हा छोटासा फुकट व्ह्यूअरही या कामाला उत्तम. फाइल एकातही उघडली नाही तर ती खराबच आहे. फक्त ॲक्रोबॅटमध्ये अडखळत असेल तर फाइलची बांधणी कुठेतरी सदोष असावी आणि बाकीचे व्ह्यूअर तिकडे काणाडोळा करत असावेत.

फाइल खराब होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे अर्धवट डाउनलोड. पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम सुरुवात शेवटाकडून करतो. कुठलं पान, कुठला फॉन्ट, कुठलं चित्र फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे याचा तक्ता कुठे ठेवलाय, हे फाइलच्या अगदी शेवटी लिहिलेलं असतं आणि बहुधा तो तक्ताही शेवटीच असतो. इंटरनेट मध्येच तुटलं आणि शेवटचे काही केबी आले नाहीत, तर पानांचा मजकूर शंभर टक्के आलेला असूनही रीडरला पत्ता लागत नाही. मग तो स्वतःच तक्ता रचायचा प्रयत्न करतो. कधी जमतं, कधी त्यातच कोलमडतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. फाइलची एक प्रत काढा, त्या प्रतीवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅडमध्ये उघडा. फाइल फार मोठी असेल तर नोटपॅड वेळ घेईल. आत बहुतांश कचरा दिसेल, तो सोडून द्या. पहिल्याच ओळीत टक्क्याची खूण, तिला लागून रोमन अक्षरांत ‘पीडीएफ’, मग छोटी रेघ आणि १.४ किंवा १.७ असा आवृत्ती-क्रमांक हवा. अगदी शेवटच्या ओळीत टक्क्याच्या दोन खुणा आणि ‘ईओएफ’ ही तीन अक्षरं हवीत. शेवटची ओळ नसेल तर फाइल तुटलेली आहे. पहिल्या ओळीत पीडीएफऐवजी ‘एचटीएमएल’ दिसलं, तर ती पीडीएफ नाहीच. तुम्ही पोर्टलवर लॉगिन करून चहाला गेलात, मुदत संपली आणि ‘डाउनलोड’ दाबल्यावर साइटने लॉगिनचंच पान पीडीएफच्या नावाने सेव्ह करून दिलं. उतारे, पावत्या, हॉलतिकिटं यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. पुन्हा लॉगिन करा, लगेच डाउनलोड करा. बघायचं ते झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलंत तर ती प्रत कायमची गेली, म्हणूनच मूळ फाइलवर हा प्रयोग नको.

फाइल कुठे ठेवलीय यावरही बरंच अवलंबून असतं. झिपच्या आतून, मेलमधून थेट, पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधून उघडत असाल, तर आधी ती डेस्कटॉपवर उतरवून घ्या. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नाव दिसतं म्हणजे फाइल मशीनवर आहेच असं नाही. बऱ्याचदा ती ढगातच असते आणि तुम्ही क्लिक केल्यावर उतरू लागते.

मराठीत लांबलचक नावं ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विंडोजमध्ये फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण पत्त्याला जुन्या हिशोबाने २६० अक्षरांची मर्यादा आहे आणि अनेक प्रोग्रॅम अजून तीच पाळतात. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘महाराष्ट्र’ हा आपल्याला चार अक्षरांचा शब्द, पण विंडोजच्या लेखी तो दहा. चार फोल्डरांच्या आत ‘शासन निर्णय’ने सुरू होणारं ओळभर नाव ठेवलं की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. नाव छोटं करून, फाइल डेस्कटॉपवर आणून बघा.

फाइल वाचवायचीच असेल, तर ज्या व्ह्यूअरमध्ये ती उघडते त्यातून प्रिंट द्या आणि प्रिंटर म्हणून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ निवडा. फाइल नव्याने बांधली जाते आणि बांधणीतला दोष बहुधा निघून जातो. यात मूळ फाइलवरची डिजिटल सही मात्र जाते आणि अर्जातले भरायचे रकाने गोठतात. डिजिटल सहीचा सातबारा असा ‘दुरुस्त’ करून कुठे सादर करू नका, तो नव्याने डाउनलोड करा. कमांड लाइनची सवय असेल तर क्यूपीडीएफ हे फुकट साधन फाइल तपासून नेमका दोष सांगतं. आणि ‘फ्री पीडीएफ रिपेअर’ म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी साइटवर आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं चढवू नका. फाइल दुरुस्त होईलही, पण तिची प्रत कुणाकडे राहिली ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

विंडोजने लिहून ठेवलेली जबानी

सगळ्याच फाइलींना रीडर पडत असेल तर अंदाज बांधत बसू नका. प्रत्येक क्रॅशची नोंद विंडोज सहसा स्वतःच करून ठेवतं. ही नोंद वाचायला जमली की निम्मं काम झालं, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत.

स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. तारखेवार तक्ता येईल. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल गोलात फुली दिसेल. रीडर पहिल्यांदा कधी पडला तो दिवस शोधा आणि त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत खाली काय काय इन्स्टॉल झालं ते बघा. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स ड्रायव्हर, अँटिव्हायरसची नवी आवृत्ती, विंडोजचं अपडेट, सगळं तिथे असतं. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडायला लागलं’ असं सांगणाऱ्याच्या मशीनवरही बहुतेक वेळा या तक्त्यात काहीतरी सापडतं.

आता तपशील. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘ॲप्लिकेशन’. क्रॅशच्या वेळेच्या आसपासची लाल खुणेची ओळ शोधा, जिच्या सोर्सखाली ‘ॲप्लिकेशन एरर’ आणि इव्हेंट आयडी १००० आहे. रीडर अडकून बसला असेल तर आयडी १००२ आणि सोर्स ‘ॲप्लिकेशन हँग’ असतो. ओळीवर क्लिक केलं की खाली मजकूर उघडतो. त्यातल्या या चार गोष्टी कागदावर उतरवा.

‘फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम’ म्हणजे कोण पडलं. इथे ‘ॲक्रोबॅट.ईएक्सई’ दिसेल किंवा ‘ॲक्रोआरडी३२.ईएक्सई’. दुसरं दिसलं तर तुमचा रीडर ३२ बिटचा आहे. मशीनमध्ये १६ जीबी रॅम असली तरी ३२ बिटच्या प्रोग्रॅमला साधारण २ जीबी, फार तर ४ जीबी एवढीच जागा वापरता येते. शेकडो पानांचं स्कॅन केलेलं जुनं दप्तर किंवा विकास आराखड्याचे मोठे नकाशे उघडताना रीडर पडत असेल, तर ६४ बिटचा रीडर टाकणं हाच खरा उपाय.

‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल पाथ’ म्हणजे कुणाच्या हद्दीत पडलं; मॉड्यूल म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा भाग, पाथ म्हणजे त्याचा डिस्कवरचा पत्ता. सगळ्यात मोलाची माहिती हीच. पत्त्यात ‘स्पूल’ आणि ‘ड्रायव्हर्स’ ही फोल्डरं दिसली तर प्रिंटर. अँटिव्हायरस कंपनीचं फोल्डर दिसलं तर अँटिव्हायरस. फाइलचं नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर बहुधा एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, ‘आयजीडी’ने होत असेल तर इंटेलचा. रीडरच्याच ‘प्लग-इन्स’ फोल्डरमधलं नाव आलं तर एखादा प्लग-इन, म्हणजे रीडरला वरून जोडलेला भाग. ‘एनटीडीएलएल.डीएलएल’ दिसलं तर मात्र घाईने विंडोजला दोष देऊ नका. ते विंडोजचं मूळ मॉड्यूल आहे. दुसऱ्या कुणीतरी आधी मेमरीत केलेली घाण अनेकदा तिथे पोचल्यावर उघडकीला येते.

‘एक्सेप्शन कोड’ हा पडण्याचा प्रकार सांगतो. ०एक्ससी००००००५ (पडद्यावर अर्थात रोमन लिपीत) म्हणजे प्रोग्रॅमने परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावला. ०एक्ससी००००४०९ म्हणजे प्रोग्रॅमने आतली गडबड ओळखून स्वतःच स्वतःला थांबवलं. नुसता कोड इंटरनेटवर शोधत बसू नका. पहिला कोड जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमच्या क्रॅशमध्ये येतो आणि मिळणारे बरेचसे उपाय दुसऱ्याच कशाचे तरी असतात.

‘फॉल्ट ऑफसेट’ हा आकडा एका नोंदीत निरर्थक वाटतो. तीन-चार नोंदी शेजारी ठेवून बघा. मॉड्यूल तेच, ऑफसेटही तोच, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आणि एकाच जागी. दरवेळी वेगळं मॉड्यूल, वेगळा आकडा, आणि रीडरशिवाय वर्ड, ब्राउझर यांच्याही अशाच नोंदी दिसत असतील, तर रॅम किंवा डिस्क तपासायला हवी.

सेटिंग्जचं फोल्डर

मॉड्यूल रीडरचंच निघालं किंवा काहीच बोध झाला नाही, तर पहिला संशय बिघडलेल्या सेटिंग्जवर घ्या. खात्री करायला विंडोजमध्ये एक नवं यूजर खातं तयार करा, त्यात शिरा आणि रीडर चालवा. तिथे व्यवस्थित चालला, तर रीडर ठीक आहे, तुमच्या खात्यातली सेटिंग्ज बिघडलीत.

मग रीडर बंद करा. टास्क मॅनेजर उघडून ॲक्रोबॅटच्या नावाचं मागे काही चालू असेल तर तेही संपवा. विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबा, आलेल्या चौकटीत टक्क्याच्या दोन खुणांमध्ये ‘ॲपडेटा’ असं रोमनमध्ये लिहून एंटर मारा. उघडलेल्या फोल्डरमधून ‘ॲडोबी’, त्यातून ‘ॲक्रोबॅट’मध्ये जा. तिथे ‘डीसी’ नावाचं फोल्डर दिसेल. ते पुसू नका. त्याचं नाव बदला, पुढे ‘ओल्ड’ जोडा. रीडर उघडलात की तो स्वतःसाठी कोरं ‘डीसी’ तयार करेल. फरक पडला नाही तर ‘ॲपडेटा’च्या जागी ‘लोकलॲपडेटा’ लिहून तिकडच्या ‘डीसी’लाही हेच करा.

पुसू नका म्हणायला कारण आहे. त्या जुन्या फोल्डरमध्ये तुम्ही बनवलेले शिक्के असतात, सहीचं रूप असतं, कुठल्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायचा याची यादी असते. कोरं फोल्डर तयार झालं की काल हिरवी खूण दाखवणारा सातबारा किंवा फॉर्म १६ पुन्हा पिवळं प्रश्नचिन्ह दाखवू शकतो आणि लोक घाबरतात. दस्त बदललेला नसतो, फक्त विश्वासाची नोंद पुन्हा करावी लागते. यूएसबी टोकनवरची डिजिटल सही टोकनमध्येच असते, तिला धक्का लागत नाही. पण रीडरमध्येच स्वतः तयार केलेली सही याच फोल्डरखालच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ठेवलेली असू शकते. फोल्डर पुसलंत तर तीही गेली. रीडर दोन-तीन दिवस नीट चालला की ‘सिक्युरिटी’ आणि ‘स्टॅम्प्स’ ही फोल्डरं एकेक करून जुन्यातून नव्यात आणा. दोन्ही एकदम आणू नका.

प्रिंटर

छापायचं नसतानाही रीडर प्रिंटरमुळे पडू शकतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. फाइल उघडताना किंवा प्रिंटची चौकट दाखवताना रीडर डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला कागदाचा आकार वगैरे विचारतो. ड्रायव्हर बिघडलेला असेल किंवा नेटवर्कवरचा प्रिंटर बंद असेल, तर रीडर उत्तराची वाट बघत अडकतो नाहीतर त्याच्यासकट कोसळतो. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दोन मशीनवर रीडर फक्त सकाळी बंद पडायचा, अकरानंतर सगळं सुरळीत. प्रिंटर पुढच्या टेबलावर होता आणि त्या टेबलाचे बाबूराव यायचे अकराला. ते आले, प्रिंटर सुरू केला की रीडरही सुधारायचा.

तपासायचं असं: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये जा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर विंडोज आपणहून पुन्हा डिफॉल्ट करून ठेवेल. मग ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला डिफॉल्ट करा आणि रीडर उघडा. दुखणं थांबलं तर जुना प्रिंटर यादीतून काढा, ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबमधून त्याचा ड्रायव्हरही काढा आणि प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा घेऊन टाका. नुसतं यादीतून काढून पुन्हा जोडलं तर विंडोज तोच जुना ड्रायव्हर परत लावतं. फक्त छापतानाच, आणि तेही एखाद्याच फाइलला पडत असेल, तर प्रिंटच्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करा. छपाई हळू होईल, पण होईल.

अँटिव्हायरस आणि प्रोटेक्टेड मोड

२०१०मध्ये रीडर टेन आला तेव्हापासून विंडोजवरचा रीडर ‘प्रोटेक्टेड मोड’मध्ये, म्हणजे एका कुंपणाच्या आत चालतो. पीडीएफमधून काही विषारी आलंच तर ते कुंपणाबाहेर जाऊ नये हा हेतू. दुसरीकडे काही अँटिव्हायरस प्रत्येक प्रोग्रॅमच्या आत स्वतःचा तुकडा घुसवून नजर ठेवतात. दोघांचं जमलं नाही की रीडर उघडताक्षणी मरतो किंवा प्रोटेक्टेड मोड चालू होत नाही असा संदेश देतो.

रीडरमध्ये कंट्रोल आणि ‘के’ दाबा, प्रेफरन्सेस उघडतील. ‘सिक्युरिटी एन्हान्स्ड’मध्ये ‘एनेबल प्रोटेक्टेड मोड ॲट स्टार्टअप’ची खूण काढा, रीडर बंद करून उघडा. आता पडत नसेल तर निदान झालं, औषध अजून व्हायचंय. खूण परत लावा. मेलमधून येणाऱ्या बनावट बिलांच्या काळात ही भिंत पाडून बसणं शहाणपणाचं नाही, मग इंटरनेटवर कुणी काहीही सांगो. औषध अँटिव्हायरसला द्यायचं: तो अद्ययावत करा, मशीनवर दोन अँटिव्हायरस आहेत का ते बघा. नव्या लॅपटॉपवर आधीच टाकून दिलेला आणि मुदत संपून पडलेला एक बऱ्याचदा असतोच. तो त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या रिमूव्हल टूलने काढा.

स्क्रोल करताना, झूम करताना पडत असेल

पान आधी पांढरं किंवा काळं पडतं आणि मग रीडर जातो, तर ग्राफिक्स. प्रेफरन्सेसमध्ये ‘पेज डिस्प्ले’खाली ‘यूज २डी ग्राफिक्स ॲक्सिलरेशन’ दिसत असेल तर त्याची खूण काढा. फरक पडला तर ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीकडून अद्ययावत करा. हा पर्याय कायम बंद राहिला तरी रोजच्या कामात फारसं काही अडत नाही.

अडकून बसत असेल

‘कन्टेन्ट प्रिपरेशन प्रोग्रेस’ अशी पट्टी येऊन रीडर थिजत असेल, तर तो दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरसाठी अख्खा दस्त तयार करत बसलाय. मशीनवर स्क्रीन रीडर नसतानाही, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमुळे त्याचा असा समज होऊ शकतो. प्रेफरन्सेसमध्ये ‘रीडिंग’खाली ‘ओन्ली रीड द करंटली व्हिजिबल पेजेस’ निवडा. फाइल उघडायच्या चौकटीतच अडकत असेल तर ‘जनरल’मधली ‘शो ऑनलाइन स्टोरेज व्हेन ओपनिंग फाइल्स’ची खूण काढा. एखादाच अर्ज भरताना अडकत असेल तर त्यातला हिशोबाचा जावास्क्रिप्ट कारण असू शकतो. ‘जावास्क्रिप्ट’खाली तो तात्पुरता बंद करून खात्री करा. पण तो बंद ठेवून अर्ज भरू नका, बेरजा चुकतील.

एवढं करूनही पडतोच आहे

आता रीडर काढून टाकायची वेळ. त्याआधी ‘हेल्प’मधलं ‘रिपेअर इन्स्टॉलेशन’ चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवा, रीडर अनइन्स्टॉल करा, ॲडोबीचं ‘क्लीनर टूल’ चालवून उरलंसुरलं साफ करा, मशीन रीस्टार्ट करा आणि ॲडोबीच्याच साइटवरून ताजा रीडर घ्या. क्लीनर चालवताना त्याच मशीनवर पैसे देऊन घेतलेला ॲक्रोबॅट नाही ना, ते बघा. असेल तर त्यालाही धक्का लागू शकतो. कुणाच्या पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं फिरणारा जुना इन्स्टॉलर वापरू नका. रीडर एक्सआय या जुन्या आवृत्तीचा ॲडोबीकडचा सपोर्ट २०१७मध्येच संपला, तरी तो अजून दुकानादुकानांत टाकून दिला जातो.

नवाही पडला तर मशीन. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘एसएफसी’, एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ ही कमांड रोमनमध्ये द्या. विंडोज स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करेल. सी ड्राइव्हवर काही जीबी तरी मोकळे आहेत का ते बघा. रॅमसाठी स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होईल, काम सेव्ह करूनच सुरू करा.

मॅकवर आणि मोबाइलवर एवढी खोदाखोद सहसा लागत नाही. मॅकमध्ये तीच फाइल ‘प्रीव्ह्यू’मध्ये उघडून बघा. अँड्रॉइडवर ॲपची कॅशे साफ करा, फोनमध्ये जागा करा, ॲप अपडेट करा. तरी पडत असेल तर फाइल त्या फोनला झेपत नाहीये.

मदत मागायची वेळ आलीच, तर ‘रीडर चालत नाही’ एवढंच लिहू नका. रीडरची आवृत्ती, ३२ की ६४ बिट, विंडोजची आवृत्ती, इव्हेंट १०००मधल्या त्या चार ओळी, सगळ्या फाइलींना होतं की एकीलाच, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते लिहा. क्रॅशची डम्प फाइल, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, मागितली तर ती फक्त अधिकृत सपोर्टलाच द्या. त्या क्षणी मेमरीत जे होतं ते तिच्यात असू शकतं, म्हणजे समोर उघडलेल्या दस्ताचा मजकूरही.